चालत कामून जालालाव?

मराठवाड्यात धडधाकट माणूस डांबरी रस्त्यानं पायी चाललेला दिसला, तर त्याची तीनच कारणं संभवतात. एस्टी चुकली, पेट्रोल संपलं, किंवा नवस फेडायचाय. चौथं कारण आमच्या भागात अजून कुणी ऐकलेलं नाही. त्यामुळं आमच्या भाच्यानं अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं, की येत्या जुलैत तो कॅलिफोर्नियातल्या डोंगरांतून ३४० किलोमीटर पायी चालणार आहे, तेव्हा नांदेडच्या घरात जो तो आपापल्या परीनं कारण शोधायला लागला. आजीनं विचारलं, "नवस कशाचा?" वडलांनी विचारलं, "नोकरी हाय ना?" आणि आमच्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या आईनं, थेट मुद्द्यालाच हात घातला, "पोरगी कोण हाय?"

तिघांचंही चुकलं होतं. त्याला नुसतं चालायचं होतं.

आता आमच्या भागाची बदनामी नको म्हणून आधीच सांगतो, मराठवाड्याचा माणूस चालायला भीत नाही. आश्विनातल्या पौर्णिमेला तुळजापूरकडं जाणारे रस्ते माणसांनी भरून वाहतात, त्यात लातूरकर कमी नसतात. राखी पौर्णिमेला माहूरच्या गडाला परिक्रमा घालायला माणसं भर पावसात चिखल तुडवतात. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत सातशेहून जास्त किलोमीटर चालून पंढरपूर गाठते. आणि जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' आल्यापासून तर दर चार गल्ल्यांआड एक तरी माणूस रिटायर झाल्यावर नर्मदा परिक्रमेला निघायच्या बेतात असतो. ती नदीच १,३१२ किलोमीटर लांब, आणि परिक्रमेत चालायचे दोन्ही काठ. त्यामुळं ३४० या आकड्यानं कुणी दचकलं नाही. दचकले ते शेवटी देव नाही म्हटल्यावर.

"मग वर हाय काय?" आजीनं विचारलं.

वर माउंट व्हिटनी नावाचं शिखर आहे, ४,४२१ मीटर उंच. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी हजार मीटरहून जास्त उंची उरतेच. शिखरावर एक दगडी खोली आहे, स्मिथसोनियन संस्थेनं १९०९ साली बांधलेली. खोली आहे म्हटल्यावर आजीला जरा बरं वाटलं. पण आत मूर्ती नाही, पुजारी नाही, प्रसाद नाही, हे कळल्यावर ती म्हणाली, "माहूरला गेलं तर निदान तांबूल तरी मिळतो," आणि फोन आईकडं देऊन टाकला.

या वाटेचं नाव जॉन म्यूर ट्रेल. योसेमिटीच्या दरीतून निघायचं आणि सिएरा नेवाडा पर्वताच्या अंगाखांद्यावरून व्हिटनीला पोहोचायचं. साधारण तीन आठवडे लागतात. आळंदी ते पंढरपूरलाही जवळपास तेवढेच लागतात, पण तिथं लाखभर माणसं सोबत असतात, इथं गाव नाही, टपरी नाही, मोबाइलला रेंज नाही. तंबू आपण न्यायचा, अन्न आपण न्यायचं, कचरा आपण परत आणायचा. एवढं करूनही वाट्टेल त्याला चालू देत नाहीत. आधी अर्ज, मग लॉटरी, लॉटरीत नाव निघालं तर परवाना. आमचे मेहुणे आयुष्यभर ग्रामसेवक होते, अर्जाला ते नाही म्हणत नाहीत. पण पायी चालायला लॉटरी लागते हे ऐकून तेही म्हणाले, "आमच्याकडं माणसं एस्टीत जागा मिळाली नाही म्हणून चालतेत."

हा भाचा अकरावी-बारावीला आमच्याकडं लातूरला होता, त्यामुळं त्याच्या तयारीची पद्धत मला माहीत होती. लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेलं पोरगं कुठल्याही संकटाकडं परीक्षा म्हणून बघतं. त्यानं गाईड आणले, नकाशे आणले, गेल्या काही वर्षांतल्या चालणाऱ्यांच्या चुकांच्या नोट्स काढल्या. वाटेतल्या खिंडी त्याला क्रमानं तोंडपाठ होत्या: डोनोह्यू, सेल्डन, म्यूर, मॅदर, पिंचो, ग्लेन, फॉरेस्टर. झोपेतून उठवून विचारलं तरी फॉरेस्टरची उंची ४,००९ मीटर असं सांगायचा. ब्लिस्टर कसा येतो, कुठं येतो, आल्यावर काय लावायचं, सगळं पाठ. फक्त चालला नव्हता. ऑफिसला गेला की गाडी लावायला दाराजवळची जागा मिळेपर्यंत पार्किंगमध्ये घिरट्या घालणारा हा माणूस.

तरी त्याला धीर होता, कारण नवशिक्यांची थोर परंपरा त्यानं वाचून काढली होती. शेरिल स्ट्रेड ही बाई १९९५ साली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर निघाली, तेव्हा स्वतःची बॅग तिला जमिनीवरून उचलता येईना. स्टोव्हमध्ये तिनं भलतंच इंधन भरलं. पुढं एक बूट डोंगरावरून खाली घरंगळला, तर तिनं दुसराही त्याच्यामागं भिरकावून दिला. तरी हजार मैलांहून जास्त चालली. बिल ब्रायसन हा लेखक एका मित्राला घेऊन अ‍ॅपलेशियन ट्रेलवर गेला. बॅग जड होते म्हणून त्या मित्रानं वाटेत खायचंच सामान फेकून दिलं, आणि शेवटी ३,५०० किलोमीटरपैकी मोठा भाग दोघे चाललेच नाहीत. दोघांचीही पुस्तकं जगभर खपली. यावरून भाच्यानं काढलेला निष्कर्ष असा, की तयारी जितकी कमी, तितकं पुस्तक चांगलं होतं.

पण लातूर पॅटर्न म्हणजे सराव चाचणी आलीच. डिसेंबरच्या सुट्टीत तो नांदेडला आला आणि डोंगर शोधायला लागला. इथं आमच्या भूगोलानं दगा दिला. पुण्या-मुंबईची पोरं किल्ला म्हटलं की दोर काढतात. आमच्याकडं कंधार भुईकोट, औसा भुईकोट, उदगीर भुईकोट. किल्ल्यावर चढायचं नसतं, सरळ दरवाजातून आत शिरायचं असतं, आणि दम लागण्याआधी किल्ला बघून होतो. लातूरजवळ चढायचं म्हणजे खरोसा लेण्यांची टेकडी किंवा हत्तीबेट. नांदेडच्या बाजूला वडेपुरीची रत्नेश्वरी. खरा डोंगर माहूरचा, पण त्याच्या वरपर्यंत गाडी जाते, आणि गाडी जात असताना चालणाऱ्याला देवीसुद्धा विचारील. शेवटी भाच्यानं ठरवलं, उंची नाही तर नाही, अंतर तरी कापू. पाठीवर १४ किलोची बॅग घेऊन नांदेडहून लातूरला मामाच्या घरी चालत यायचं. अंतर १४० किलोमीटरच्या आसपास. अट एकच, वाटेत कुणाकडून काही घ्यायचं नाही, बॅगेतलंच खायचं, म्हणजे जंगलाची सवय होईल.

विष्णुपुरीच्या पुढं पहिली मोटारसायकल थांबली.

"कुठं?"

"लातूरला."

"बसा, लोह्यापर्यंत सोडतो."

"नको, चालत जायचंय."

मोटारसायकल बंद झाली, मग स्टँडवर लागली. आमच्याकडं विचारपूस लांबणार असली, की हा क्रम ठरलेला असतो.

"चालत कामून जालालाव?"

"सराव करतोय."

"कशाचा?"

"चालायचा."

"म्हणजे चालायचा सराव करायला चालत जालालाव?" माणसानं थोडा वेळ विचार केला, आणि त्याला खरा प्रश्न सापडला. "गाव कोणतं तुमचं? कुणाचे?"

इथं भाच्याचं अरण्य संपलं. गाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं, तसा तो माणूस ओरडलाच, "ग्रामसेवक सायबांचा पोरगा! आमच्या गावाला होते की ते!" फोन लागला. सोनखेड येण्याआधी आमच्या बहिणीला तीन फोन जाऊन पोहोचले होते. पहिला म्हणाला, पोरगा पायी चाललाय. दुसरा म्हणाला, पाठीवर सिलेंडर घेऊन चाललाय. तिसरा दबक्या आवाजात म्हणाला, "वैनी, घरात काई वाजलंय का? आमी समजावून आणतो."

मग भाच्यानं डोकं चालवलं. पुढच्या वेळी "कुठं?" असं कुणी विचारलं, की तो म्हणायला लागला, "तुळजापूर." दिवस पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आसपासचे, दिशा बरोबर, शंका मिटली. प्रश्न थांबले हे खरं. पण देवीला निघालेल्या माणसाला उपाशी जाऊ देणं हे आमच्या भागात पाप. लोह्यात चहा झाला. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. केळी आली, साबुदाण्याची खिचडी आली, एका किराणावाल्यानं पाण्याच्या बाटल्या बॅगेच्या दोन्ही खिशांत स्वतःच्या हातानं कोंबल्या. एका म्हाताऱ्या बाईनं पदराची गाठ सोडून अकरा रुपये काढले, एक खण काढला, आणि सांगितलं, "माझ्या नावानं आईच्या पायावर घाल बाबा, माझे गुडघे गेलेत." नाही कसं म्हणणार?

माळेगावला खंडोबाची यात्रा भरलेली होती. घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे तंबू आणि धुळीचा लोट. कमरेला पट्टा, छातीवर पट्टा, पाठीवर डोक्यापेक्षा उंच बॅग अशा अवतारात भाचा जनावरांच्या बाजारातून चालला, तेव्हा एका व्यापाऱ्यानं त्याला थांबवून बॅग हातानं तोलून बघितली. "एवढं वजन माणूस उचलतेत का? गाढव घ्या की. तुमच्यासाठी कमी करतो." ट्रेलच्या सगळ्या पुस्तकांचं सार या माणसाला एका वाक्यात कळलं होतं. सिएरा नेवाडात सामानासाठी खेचरं वापरतातच. ते कळायला भाच्याला गाईड लागलं.

अहमदपूर ओलांडून शिरूर ताजबंदला आमचाच एक लांबचा पाव्हणा जीप घेऊन उभा होता. त्याला कुणी कळवलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यानं वाद घातला नाही, समजूत घातली नाही, फक्त बॅग उचलून जीपमध्ये टाकली. बॅग गेल्यावर माणूस मागोमाग जातोच. लातूरला आमच्या घरी काट्यावर ठेवली, तर बॅग १९ किलो भरली. चार दिवसांचं कोरडं अन्न जसंच्या तसं, वर पेरू, केळी, चिवडा, कुणाच्या तरी शेतातल्या ओल्या हरभऱ्याचे डहाळे, आणि एक खण. दुसऱ्या दिवशी गाडी काढून मी त्याला तुळजापूरला घेऊन गेलो. म्हातारीचे अकरा रुपये होते, ते अमेरिकेला नेता येणार नव्हते.

परत जाण्याआधी नांदेडच्या घरी बॅग भरण्याचा कार्यक्रम झाला. ट्रेलवर चालणाऱ्यांमध्ये वजन कमी करण्याचं वेड असतं. काहीजण टूथब्रशची दांडी कापतात, कपड्यांची लेबलं कापतात. बॅग अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जड नको, असा ढोबळ नियम आहे. भाचा स्वयंपाकघरातला काटा घेऊन प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये लिहीत होता. त्याच्या पाठीमागून आमची बहीण लसणाची चटणी ठेवत होती. तो चटणी काढायचा, ती येसराचं मसालेदार पीठ ठेवायची. तो येसर काढायचा, ती धपाटे ठेवायची. मीही लातूरहून रिकाम्या हातानं गेलो नव्हतो. बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच, दोन्ही भौगोलिक मानांकनवाल्या. त्यानं हात जोडून सांगितलं, की तिथं अस्वलं आहेत, त्यांना कोसावरून वास येतो, म्हणून सगळं अन्न एका जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून रात्री तंबूपासून लांब ठेवावं लागतं. टूथपेस्टसुद्धा त्याच डब्यात. डबा एवढा एवढा, त्यात मावेल तेवढंच न्यायचं. आईनं डबा हातात घेतला, झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "येसर अस्वलानं खाल्लं तर परत कुणाच्या वाटेला जाणार नाही."

अर्ध्या वाटेवर एक रॅंच आहे, तिथं प्लॅस्टिकच्या बादलीत सामान भरून आधी टपालानं पाठवून ठेवायचं असतं, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. टपालाला वजनाची मर्यादा नव्हती, म्हणजे तिच्या मते तरी नव्हती.

आजीला यातलं काहीच पटेना. तिनं उमेदीत पंढरीच्या वाऱ्या केलेल्या. "आमच्या दिंडीत सामान ट्रकमधी असायचं. सैपाकाची माणसं म्होरं जायची. तुजा ट्रक कुठाय?" ट्रक नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग ही कसली दिंडी?" भाच्यानं तिला समजावायला एमा गेटवूडची गोष्ट सांगितली. ओहायोतली शेतकरी बाई, १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अ‍ॅपलेशियन ट्रेल एकटीनं एका दमात पूर्ण चालली. एकटीनं तसं करणारी ती पहिली बाई. तंबू नाही, झोपायची पिशवी नाही. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. घरी पोरांना सांगितलं, जरा फिरून येते.

आजी पहिल्यांदाच नीट ऐकत होती. "लेकरं किती तिला?"

"अकरा."

"मग चालावंच वाटलं असंल," आजी म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं विरोध सोडला. उलट स्वतःचं जुनं गाठोडं बांधायचं फडकं काढून दिलं. वजन, भाच्यानं काट्यावर बघितलं, अगदी थोडं. ते तेवढं बॅगेत गेलं.

खरा पेच मेहुण्यांचा होता. बॅगेत त्यांना एक चिमुकलं खोरं सापडलं, टायटॅनियमचं. हे कशाला, म्हणून विचारलं. भाच्यानं सांगितलं, की जंगलात सकाळी पाण्यापासून साठ मीटर लांब जायचं, वीतभर खोल खड्डा करायचा, झाल्यावर बुजवायचा. कागद मात्र पुरायचा नाही, पिशवीत घालून बरोबर आणायचा. आणि व्हिटनीच्या भागात तर तेवढंही चालत नाही, सगळंच पिशवीत घालून खाली आणावं लागतं. मेहुणे बराच वेळ ते खोरं हातात फिरवत राहिले. गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या काळात हा माणूस पहाटे चार वाजता उठून गुड मॉर्निंग पथकाबरोबर शिवारात शिट्टी फुंकत फिरलेला. टमरेलवाल्यांना गुलाबाची फुलं दिली, हात जोडले, शिव्या खाल्ल्या, गाव हागणदारीमुक्त करून पाटी लावली. "आमी सगळी हयात लोकांना शिवारातून घरात आणलं," ते शेवटी म्हणाले, "आन् तू परवाना काढून, लॉटरी लावून, विमानानं जाऊन…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पण खोल खड्डा, पाण्यापासून अंतर, कागद परत आणणं, हे सगळं त्यांनी दोनदा विचारून घेतलं, आणि निघताना म्हणाले, "नियम चांगला हाय. आमच्या काळात असा पाहिजे होता."

जुलैत तो चालायला लागला. फोनला रेंज नव्हती, पण उपग्रहावरून छोटे संदेश पाठवणारं एक यंत्र त्याच्याकडं होतं. रोज संध्याकाळी संदेश यायचा, सोबत जागेचे अंक. बहीण ते अंक शेजारच्या पोराकडून नकाशावर काढून घ्यायची आणि अख्खी गल्ली हिरव्या रंगात एक ठिपका बघत बसायची. उत्तर लिहायला जागा थोडी, एकशेसाठ अक्षरांच्या आसपास. त्यात ती रोज तेच लिहायची, जेवलास का, काय जेवलास, पांघरूण आहे का. अक्षरं संपायची.

अस्वल त्याला दिसलं, लांबून. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर आहे ते ग्रिझली अस्वल त्या राज्यातून शंभर वर्षांपूर्वीच नाहीसं झालं, उरली ती काळी अस्वलं. पळायचं नाही, हात वर करून मोठं दिसायचं आणि आरडाओरडा करायचा, असा नियम आहे. आमच्या किनवट-माहूरच्या जंगलातही अस्वलं आहेत, त्यामुळं गल्लीला अस्वलाचं विशेष वाटलं नाही. आरडाओरडा तर येतोच. डोनोह्यू खिंडीत बर्फ होता, ओढ्यांना बर्फ वितळून आलेलं पाणी होतं, आणि डास एवढे होते की अमेरिकी माणसं डोक्यावर जाळ्या घालून फिरत होती. गोदाकाठी वाढलेल्या पोरानं जाळी बॅगेतून काढलीही नाही.

येसरानं मात्र नाव केलं. पहिल्या आठवड्यात एका रात्री त्यानं गरम पाण्यात येसर कालवून आमटी केली. चार तंबू पलीकडून माणसं वासाच्या मागावर आली. काय आहे हे, असं एकानं विचारलं. यानं सांगितलं, "येसर." विचारणारा फौजेतून रिटायर झालेला होता, तो एकदम ताठ उभा राहिला. त्या वाटेवर चालणाऱ्यांना टोपणनाव द्यायची पद्धत आहे, आणि ते स्वतः ठेवून घ्यायचं नसतं. आमचा भाचा व्हिटनीपर्यंत "यस सर" म्हणून ओळखला गेला. बादलीतलं दुसरं पाकीट उघडलं त्या रात्री तर रांग लागली होती म्हणे.

अवघड काय गेलं, असं मी त्याला नंतर विचारलं. मला वाटलं, फॉरेस्टरचा चढ म्हणेल, विरळ हवा म्हणेल, गुडघे म्हणेल. तो म्हणाला, "मामा, मॅदर खिंडीच्या अलीकडं एक अख्खा दिवस गेला. माणसं भेटली, हसली, पुढं गेली. कुणी विचारलंच नाही." काय विचारलं नाही? "काहीच. कुठला, कुणाचा, कामून. सराव करायला निघालो तेव्हा दर दोन किलोमीटरला माणूस थांबत होता, मला वैताग आला होता. तिथं दिवसभर वाट बघितली." त्या संध्याकाळचा त्याचा संदेश होता, आज कुणी भेटलं नाही. तो वाचून बहिणीनं दोन दिवस जेवण गोड लागलं नाही म्हणून सांगितलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून यानं आपणच सुरुवात केली. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारायला लागला, गाव कोणतं, घरी कोण कोण, चालत कामून निघालात. पहिले दोघे बिचकले. तिसरी एक पन्नाशीची बाई होती, ओरेगॉनची. ती बॅग उतरवून दगडावर बसली आणि तासभर बोलली. कामून, हे तिला घरातसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

व्हिटनीवरून खाली उतरल्यावर गाडीरस्ता लागतो. तिथून लोन पाइन गावात जायला लोक अंगठा दाखवून लिफ्ट मागतात. आमच्याकडं न मागता तीन मोटारसायकली थांबतात, तिथं मागून एक गाडी थांबली. ड्रायव्हरनं, कुठं जायचंय, एवढंच विचारलं आणि गप्प गाडी चालवायला लागला. अख्खा घाट उतरेपर्यंत दुसरा प्रश्न नाही. शेवटी भाच्याला राहवेना. त्यानं आपण होऊन नांदेड सांगितलं, गोदावरी सांगितली, सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणालाही जेवायला मिळतं ते सांगितलं, वडील ग्रामसेवक होते तेही सांगितलं. गाव येईपर्यंत ड्रायव्हरनंही आपला घटस्फोट सांगून टाकला होता.

आता त्याला ४,२६५ किलोमीटरचा अख्खा पॅसिफिक क्रेस्ट खुणावतोय, मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत. त्याचा दक्षिणेकडचा हजारभर किलोमीटरचा भाग कोरडा आहे. पाणी कुठल्या झऱ्याला आहे, कुठला आटला, याची यादी चालणारे लोकच एकमेकांसाठी ताजी ठेवतात, आणि पाच-सहा लिटर पाठीवर वागवतात. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा आपण या विषयातले तज्ज्ञ आहोत असं वाटलं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा टँकर. मिरज-लातूर हे रेल्वेचं अंतरही जॉन म्यूर ट्रेलएवढंच आहे. नळ कोणत्या भागाला कधी येणार, टँकर कुठल्या कोपऱ्यावर उभा आहे, ही माहिती तोंडी ताजी ठेवण्यात लातूरच्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. मी भाच्याला सांगितलं, वाळवंटाची काळजी करू नको, तुझ्या मामीला विचार.

आणि माझ्या डोक्यात एक योजना आली आहे. सगळं जग परदेशी वाटा चालायला जातं, तर आपलीही एक वाट असावी. नांदेड ते लातूर. गोदाकाठच्या नंदगिरी किल्ल्यावरून सुरुवात, मग लोहा, वाकडी वाट करून कंधार, माळेगाव, अहमदपूर, वडवळच्या नागनाथाच्या बेटावर वनौषधी बघायच्या, चाकूर, आष्टामोड, आणि शेवट लातूरला गंजगोलाईत, जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात, म्हणजे पोहोचल्यावर कुठल्याही दिशेला पळता येतं. परदेशी नवशिक्यांसाठी माहितीपत्रकही मी मनाशी तयार ठेवलंय. चढ नाही. हिंस्र प्राणी नाहीत, गावकुत्री सोडल्यास. अन्न आणू नये, वाटेत वाढतं. वजन मोजून निघू नये, पोहोचताना मन दुखतं. मोटारसायकल थांबल्यास पळू नये, हात वर करू नयेत, ओरडू नये. चहाला नाही म्हणू नये. गाडी स्टँडवर लागली, तर बॅग उतरवून बसावं, तेवढा वेळ लागतोच.

परवाना लागत नाही, लॉटरी नाही. निघण्याआधी फक्त दोन गोष्टींची तयारी हवी, आपण कुणाचे पाव्हणे, आणि नवस कशाचा. त्या नसल्या तर सोनखेडच्या पुढं कुणी जाऊ देणार नाही.